नावातले ३०० कुठून आले?
क्रायस्लर ३०० या अमेरिकी मोटारीच्या नावातील आकडा केवळ विक्रीसाठी निवडला होता, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. १९५५ च्या सी-३०० मधील ३३१ घन इंचांचे, दोन चार-बॅरल कार्बोरेटर बसवलेले हेमी व्ही-८ इंजिन (अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे, आठ सिलिंडरचे) ३०० अश्वशक्तीचे होते, त्यावरूनच हा आकडा आला, आणि क्रायस्लरचे रचनाकार व्हर्जिल एक्सनर यांनी तिला इम्पीरियल या कंपनीच्याच आलिशान गाडीची दुभंगलेली दर्शनी जाळी देऊन रुबाबही राखला. त्याच वर्षी टिम फ्लॉक यांनी याच गाडीवर नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत मालिकेचे विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षीच्या ३००बी मध्ये ३५४ घन इंचांचे इंजिन ऐच्छिक स्वरूपात ३५५ अश्वशक्तीपर्यंत गेले, म्हणजे दर घन इंचामागे एकाहून अधिक. माझ्या दृष्टीने या गाडीच्या इतिहासातील सर्वांत अभिमानाची गोष्ट हीच. दरवर्षी नावापुढे पुढचे इंग्रजी अक्षर लावण्याची ही अक्षरमालिका, मधले ‘आय’ वगळून, १९६५ च्या ३००एलपर्यंत चालली.