मदत हवी आहे: प्रयोगशील शाळेतून पाचवीला नेहमीच्या शाळेत घालताना

नमस्कार मंडळी, मुलगी तिसरीत आहे, मराठी माध्यमाची छोटीशी प्रयोगशील शाळा, पुण्याचं अक्षरनंदन किंवा कोल्हापूरचं लीलाताई पाटलांनी १९८५ साली सुरू केलेलं सृजन आनंद, त्याच वळणाची म्हणा. सध्या त्यांचा बाजार हा प्रकल्प चालूये. मुलं मंडईत जाऊन भाव लिहून आली, मग गणितात अर्धा किलो वांगी चाळीसला तर पावशेर कितीला, भाषेत भाजीवाल्या मावशींची मुलाखत, परिसर अभ्यासात वांगी कुठल्या गावाहून आली ते नकाशावर, आणि शेवटी वर्गात भरीत! हिच्या वहीत तर काट्याचं चित्र काढून बाजूला लिहिलंय, "मावशी थोडं जास्तच देतात, ते हिशोबात कुठे धरायचं?" मला तर हा प्रश्न जाम आवडला.

कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही, गांधीजींची नई तालीम १९३७ ची, वर्ध्याची, त्यामुळे पद्धतीबद्दल मला शंका नाहीये. अडचण अशी की शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला नेहमीच्या शाळेत जावं लागणार, तिथे घटक चाचण्या, गाळलेल्या जागा, वेळ लावून पेपर. पाढे समजतात पण धडाधड येत नाहीत, आणि सासूबाई रोज सतरा नव्वे विचारतात ते वेगळंच.

ज्यांची मुलं अशा शाळेतून पुढे गेलीत त्यांनी प्लीज सांगा, पाचवीत किती जड गेलं? इंग्रजीची तयारी घरी कधीपासून केलीत? आणि पेपर लिहायची सवय आत्तापासून लावायची की चौथीच्या सुट्टीत भागतं? क्लास लावा एवढं सोडून काहीही सुचवा.