जनसुनावणी: गॅसवीज प्रकल्पावर हरकत नेमकी कशावर घ्यायची?

किनारपट्टी
तालुक्यात 600 मेगावॉटचा गॅसवर चालणारा वीजप्रकल्प येऊ घातलाय. जनसुनावणीची नोटीस पेपरात आली. गावाचा सूर 'नकोच' असा आहे. कंपनी म्हणते गॅस स्वच्छ, राख नाही, गंधक नाही. हरकतीत काय लिहिलं तर उत्तर द्यावंच लागेल?

दप्तरी
सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. 'प्रकल्प रद्द करा' असे हजार अर्ज इतिवृत्तात एका ओळीत गुंडाळले जातात. मुद्देसूद आक्षेपाला मात्र कंपनीला पर्यावरण परिणामांच्या अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. 500 मेगावॉट आणि वरचे गॅसप्रकल्प 'अ' वर्गात, म्हणजे पर्यावरण मंजुरी केंद्राची.
मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो, सारांश मराठीतही. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा.

धुराडं
राख-गंधकाबद्दल कंपनी खरं बोलतेय, त्यावर वेळ घालवू नका. धरायचे ते नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे गॅस जाळताना तयार होणारे घातक वायू. 400 मेगावॉट आणि वरच्या नव्या गॅस टर्बाइन प्रकल्पांना नैसर्गिक वायूवर मर्यादा 50 पीपीएम (धुराच्या दहा लाख भागांत 50 भाग), नाफ्थ्यावर (खनिज तेलापासूनचं द्रव इंधन) 100. म्हणून पहिला प्रश्न: गॅस मिळाला नाही तर काय जाळणार? दाभोळचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावरच सुरू झाला होता. गॅसपुरवठ्याचा करार मागा, नुसतं आश्वासन नको.
दुसरं, संच सलग चालणार की संध्याकाळच्या मागणीपुरता? कमी नायट्रोजन ऑक्साइडचे बर्नर साधारण अर्ध्या भाराच्या वरच नीट काम करतात. रोज चालू-बंद केलं की त्या वेळेत उत्सर्जन चढतं, आणि अहवालातलं गणित बहुतेकदा पूर्ण भाराचं असतं. चालू-बंद धरून वेगळं मॉडेलिंग, म्हणजे धूर कुठे किती पसरेल याचं गणित, मागा.
धुरात अमोनिया सोडून ते ऑक्साइड कमी करणार असतील तर अमोनियाची टाकी किती टनांची, वस्तीपासून किती अंतरावर, गळती झाली तर काय, हेही विचारा.

वारावादळ
हवेची मोजणी कोणत्या महिन्यांत केली ते पान आधी उघडा. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एकच हंगाम पुरतो. कोकणात हिवाळ्यात रात्री-पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, त्यामुळे मोजणी केंद्रं कुठे मांडली यावर सगळा खेळ. उन्हाळ्यात दुपारी खारं वारं आत येतं तेव्हा धूर कोणत्या वाड्यांवर जाईल, ते नकाशावर दाखवायला सांगा.

किनारपट्टी
नोटीस मोजली. छापल्यापासून सुनावणीपर्यंत 22 दिवसच आहेत.

दप्तरी
किमान 30 लागतात. आजच मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, तारीख पुढे मागा, कात्रण जोडा. तरीही सुनावणी घेतलीच तर माइकवर पहिला मुद्दा तोच. व्हिडिओ चित्रण बंधनकारक आहे. शेवटी मुद्द्यांचा गोषवारा मराठीत वाचून दाखवतात, त्यात हा आक्षेप आला का ते ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नका.