हतनूरच्या पाणपक्ष्यांसाठी ‘डक स्टॅम्प’सारखं तिकीट काढता येईल का?

चित्रकला_भुसावळ

राम राम मंडळी. अमेरिकेत दरवर्षी बदकाचं चित्र असलेलं तिकीट निघतं आणि त्याच्या विक्रीतून पाणथळ जागा राखल्या जातात. त्याच धर्तीवर भुसावळजवळच्या हतनूर धरणासाठी काही करायचं मनात आहे. आठवी ते बारावीच्या मुलांची चित्रस्पर्धा घ्यायची, पहिल्या आलेल्या चित्राचं तिकीट काढायचं, साधारण २,००० प्रती, प्रत्येकी १० रुपये. पण तिकडे पैसे नेमके कसे जमतात? आपण स्वतः तिकीट छापलं तर कायद्यात बसतं का? मुलांना कागद केवढा द्यायचा, पक्षी कोणते सांगायचे? आणि जमलेले पैसे धरणावर कसे वापरायचे? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

टपालपेटी_धुळे

सर, डक स्टॅम्प हे टपाल तिकीट नाहीच. ते लावून पत्र जात नाही. तो शिकारीच्या परवान्याचा भाग आहे. १६ वर्षं आणि त्यापुढच्या ज्याला पाणपक्ष्यांची शिकार करायची आहे, त्याला त्या वर्षाचं तिकीट घ्यावंच लागतं. तिकिटाचं वर्ष १ जुलै ते ३० जून. कायदा १६ मार्च १९३४ रोजी झाला. पहिल्या तिकिटावरची मॅलार्ड बदकं ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढली, किंमत १ डॉलर, आणि त्या पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटं खपली. २०१५ पासून किंमत २५ डॉलर आहे. दर डॉलरमागे ९८ सेंट निधीत जातात आणि त्यातून अभयारण्यांसाठी पाणथळ जमीन विकत किंवा भाडेपट्ट्यानं घेतली जाते. पक्षिनिरीक्षक आणि संग्राहकही ते घेतात, कारण जिथे प्रवेश फी आहे त्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत ते दाखवून फुकट जाता येतं.

म्हणजे चित्र सुंदर असतं म्हणून पैसा येतो असं नाही. कायद्यानं गिऱ्हाईक बांधून दिलेलं आहे म्हणून येतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद आहे, तेव्हा ती सक्ती इथे आणता येणार नाही. तुमच्या कामाला जवळचा नमुना दुसराच आहे: क्षयरोगाचं सील. २ ऑक्टोबरपासून शाळाशाळांतून विकलं जायचं ते. दिसायला तिकीट, पण टपालाशी संबंध नाही. घेणारा देणगी म्हणूनच घेतो.

स्पर्धेचे काही नियम मात्र तिकडून जसेच्या तसे उचलावेत असे आहेत. खुली स्पर्धा १९४९ पासून सुरू आहे. चित्र आडवं, १० इंच रुंद, ७ इंच उंच. चित्रात सही, आद्याक्षरं, कसलीही अक्षरं चालत नाहीत, म्हणजे परीक्षकाला चित्रकार कळत नाही. चित्र हातानंच काढलेलं हवं. पहिल्या फेरीत पाच परीक्षक फक्त ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढंच सांगतात, तीन ‘आत’ मिळाले तर चित्र पुढे जातं. गुण त्यानंतर. शाळेच्या स्पर्धेत शंभरेक चित्रं आली तर ही पद्धत फार वेळ वाचवते. पाचांपैकी निदान दोघं पक्षी ओळखणारे ठेवा. नुसते चित्रकार बसवले की चुकीच्या चोचीचं सुंदर बदक पहिलं येतं.

सातपुडा_७

एवढा खटाटोप कशाला? पोस्टाची ‘माय स्टॅम्प’ योजना आहे ना. चित्र द्या, खरं तिकीट मिळेल.

टपालपेटी_धुळे

@सातपुडा_७ भाऊ, ‘माय स्टॅम्प’ २०११ पासून आहे आणि आठवण म्हणून छानच आहे. पण हिशोब बघा. १२ तिकिटांचं पान ३०० रुपयांना, त्यावर ५ रुपयांची १२ तिकिटं, म्हणजे टपालमूल्य ६० रुपये. उरलेले २४० पोस्टाचे, हतनूरला छदाम नाही. (दर बदलले असतील तर खिडकीवर विचारून घ्या, गणित तेच राहील.) पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस म्हणून एक पान काढून द्या, त्याला आयुष्यभर पुरेल. निधीसाठी हा रस्ता नाही.

आता कायद्याचं. सरकारनं काढल्याचं भासणारं टपाल तिकीट खासगीत छापणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २६३-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १८६. म्हणून सीलवर ‘भारत’ किंवा ‘INDIA’ नको, कोपऱ्यात मूल्यासारखा आकडा नको, ‘डाक’ शब्दही नको. ‘पाणपक्षी निधी सील, टपालासाठी नाही’ असं स्पष्ट छापा. १० रुपये ही रक्कम सीलवर न घालता पानाच्या समासात घाला. आणि विकताना सांगा की पाकिटाच्या मागच्या बाजूला, झाकणाच्या टोकावर लावायचं. पत्त्याच्या बाजूला लावलं तर गोंधळ होतो.

पोस्टाची साथ हवीच असेल तर विशेष आवरण (त्या प्रसंगापुरतं छापलेलं पाकीट) आणि विशेष शिक्क्यासाठी विभागीय डाक अधीक्षकांकडे अर्ज करा. मंजुरी वरून येते, त्यामुळे काही महिने हाताशी ठेवून.

पाणरंग

चित्राबद्दल लिहितो, कारण सगळं तिथेच बिघडतं.

आपल्या नेहमीच्या स्मारक तिकिटाचा आकार ३९ × २९ मिमी असतो. तो धरला तर मूळ चित्र बरोबर सहापट ठेवा: २३४ × १७४ मिमी. ए-४ कागदावर बसतं, चारी बाजूंना समास उरतो. अमेरिकेचं १० × ७ घेऊ नका, त्याचं प्रमाण वेगळं आहे, तुमच्या आकारात आणताना कडा कापावी लागेल आणि नेमकी शेपटी जाईल.

सहापट लहान झाल्यावर १ मिमीची रेघ ०.१७ मिमी होते, म्हणजे जवळजवळ नाहीशी. मुलं पिसंन्‌पिसं काढण्यात चार दिवस घालवतात आणि छापल्यावर राखाडी डाग दिसतो. पक्षी एकच किंवा जोडी, थवा नको. पक्ष्यानं चौकटीची निम्मी तरी रुंदी व्यापावी. गडद पक्ष्यामागे फिकं पाणी, फिक्या पक्ष्यामागे गडद पाणकणीस. तपासायची सोपी युक्ती म्हणजे चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो पडद्यावर ३९ मिमी होईपर्यंत लहान करायचा आणि हातभर अंतरावरून बघायचं. पक्षी ओळखू आला तर पुढे जा. ही चाचणी पेन्सिलच्या कच्च्या चित्रावरच घ्या, रंग भरून झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

कागद ३०० जीएसएमचा. पातळ ड्रॉइंग शीट पाण्यानं फुगते आणि स्कॅनरवर तिच्या लाटांची सावली येते. चमकणारे फ्लोरोसंट पोस्टर कलर, सोनेरी, चंदेरी बंद. छपाईच्या चार शाईत ते उतरत नाहीत, मळकट होतात. थापट्या बदकाच्या नराच्या डोक्याचा हिरवा छापताना काळा पडतो, म्हणून तो मूळ चित्रात एक छटा उजळ ठेवा आणि त्यावर प्रकाशाचा फिका पट्टा सोडा.

पक्ष्यांच्या नेहमीच्या चुका सांगतो. नेटवर ‘डक’ शोधलं की मॅलार्ड येतो आणि मुलं तोच काढतात. तो आपल्याकडे क्वचितच दिसतो. त्याऐवजी यादी द्या: हळदी-कुंकू बदक, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, मोठी लालसरी. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी, टोक पिवळं, आणि चोचीच्या बुडाशी लाल ठिपके. हे पिवळं-लाल उलटं झालं की नावच खोटं पडतं. शिवाय त्यात नर-मादी जवळजवळ सारखेच, जोडीत एकाला भडक करू नये. चक्रवाकाच्या नराच्या मानेतलं काळं कडं विणीच्या काळात ठळक असतं, हिवाळ्यात पुसट किंवा नसतंच. ते न काढणं चूक नाही, हे परीक्षकांनाही सांगून ठेवा. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकं तांबूस-नारिंगी, चोच पोवळ्यासारखी लाल, छाती काळी. ती बुडी मारणारी असल्यामुळे तिची शेपटी पाण्यालगत खाली असते. थापट्या, तलवार यांची शेपटी पाण्याच्या वर राहते. ही एक गोष्ट बरोबर जमली की बदक पाण्यावर तरंगतं, नाहीतर खेळण्यातलं दिसतं.

ऋतूही महत्त्वाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारे बरेच नर पिसं बदलण्याच्या मधल्या अवस्थेत असतात, दिसायला मादीसारखे मळकट. डिसेंबर-जानेवारीत रंग पूर्ण भरतात. स्केचिंगला तेव्हा न्या. काठापासून लांब बसवा, दुर्बीण द्या. थवा उडाला तर त्या सकाळी काही हाती लागत नाही आणि पक्ष्यांची ताकद फुकट जाते ती वेगळीच.

चित्रकला_भुसावळ

फार उपयोगी, मनापासून आभार. तिकिटासारखी दातेरी कडा करावी का? आणि छपाई डिजिटल की ऑफसेट?

पाणरंग

दातेरी कडा नको. खर्च वाढतो, आणि वर कायद्याचं जे सांगितलं आहे त्या दृष्टीनंही सरळ कडा बरी. २,००० प्रतींसाठी डिजिटल लेझरच परवडतं. १२ × १८ इंचाच्या स्टिकर शीटवर ३ मिमी फट धरून आडवी ८ आणि उभी १० अशी ८० सीलं बसतात, सीलं उभी फिरवून मांडायची. म्हणजे २५ शीट लागतील. दोन-तीन जास्त सांगा, कापताना वाया जातात. ‘हाफ-कट’ मागा: वरचा कागद कापला जातो, खालचा अखंड राहतो. चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मोबाइलचा फोटो छपाईला देऊ नका, कडा वाकड्या येतात. आधी एकच शीट काढून उन्हात बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग फसवतात.

इंकजेटवर छापू नका, ओल्या बोटानं शाई पसरते. १९९४ साली खुद्द टपाल खात्याची पाणपक्ष्यांची मालिका शाई पाण्यात विरघळते म्हणून मागे घ्यावी लागली होती. गुलाबी डोक्याचं बदक होतं त्यात. संग्राहक आजही ती तिकिटं पाण्यात घालत नाहीत.

तापीकाठ

पैशांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. २,००० सीलांचे २०,००० रुपये येतील. यात जमीन विकत घेणं वगैरे डोक्यातून काढा. हतनूरची जमीन आणि पाणी पाटबंधारे खात्याकडे आहे, तिथे फलक लावायचा तरी लेखी परवानगी लागते. अर्ज स्पर्धेच्या आधी करा, पैसे जमल्यावर नाही. परवानगी अडकली की पैसे पडून राहतात आणि लोक विचारायला लागतात.

या रकमेत जमणारी आणि खरंच उपयोगी कामं दोन. एक, पाण्यात टाकून दिलेली नायलॉनची जाळी काढणं. बुडी मारणारी बदकं त्यातच अडकून मरतात. हे स्थानिक मासेमारांना मजुरी देऊन त्यांच्याच होडीतून करा. जाळी कुठे अडकली आहेत ते त्यांनाच माहीत असतं, आणि त्यांना वगळून केलेलं काम दुसऱ्या वर्षी टिकत नाही. दोन, काठावरची बेशरम (पाण्याकाठी माजणारं झुडूप) मुळासकट उपटणं. नुसती छाटली तर पडलेल्या फांद्या ओल्या मातीत पुन्हा रुजतात, म्हणून काढलेली झाडं काठापासून दूर नेऊन वाळवायची. पाणी उतरल्यावर, मार्चनंतर, हे सोपं जातं. पण गाळपेर जमीन कसणाऱ्यांशी आधी बोला. त्यांच्या पिकातून माणसं चालवू नका. पाणकणीसाला मात्र हात लावू नका, ते पक्ष्यांचं घर आहे.

पैसे शाळेच्या किंवा कुणाच्या वैयक्तिक खात्यात नकोत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या एखाद्या संस्थेला सोबत घ्या आणि या निधीचं खातं वेगळं ठेवा. प्रत्येक शीटवर क्रमांक छापा, ८० सीलं म्हणजे ८०० रुपये, कोणती शीट कोणत्या शाळेला दिली त्याची वही ठेवा. न खपलेली शीट परत आलीच पाहिजे. छपाईचा खर्च एखाद्या दुकानदाराकडून वेगळा मिळवा, म्हणजे दहाचे दहा रुपये धरणासाठी गेले असं छातीठोक सांगता येईल.

वेळापत्रक असं धरा: जानेवारीत स्केचिंग, फेब्रुवारीअखेर चित्रं, मार्चमध्ये निकाल, मग छपाई, विक्री २ ते ८ ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात. बरेच जण २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनाला विक्री ठेवतात, पण तोवर शाळांत परीक्षांची धांदल सुरू होते. शिवाय ऑक्टोबरात पैसे आले तर जाळी काढायचं काम बदकांचे मोठे थवे उतरायच्या आत उरकता येतं.