गिरगावात आईसाठी भाड्याची खोली: कोणती वाडी बघू?

डोंबिवली_लोकल: आई ७४ वर्षांची. माहेर फणसवाडीचं, लग्नानंतर डोंबिवली. बाबा गेल्यापासून सातव्या मजल्यावर दार लावून बसून असते. वर्षभर तरी तिला गिरगावात ठेवावं म्हणतो, मीही सोबत राहीन. गॅलरीची खोली, शक्यतो पहिला मजला, भाडं २५ हजारांपर्यंत. कोणती वाडी बरी?

मुगभाटकर: चाळ नकोच. आमची रिडेव्हलपमेंट झाली, आता बावीसाव्या मजल्यावरून चौपाटी दिसते. दोन लिफ्ट, चोवीस तास पाणी. ऐंशी हजारांत छान टू बीएचके मिळेल.

पागोळी: अहो, २५ म्हणालेत ते. खोताची वाडी बघा. दादोबा वामन खोतांनी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना जागा दिल्या, ती बाहेरून लाकडी जिने असलेली घरं अजून थोडी उभी आहेत. मी रोज संध्याकाळी तिथूनच जाते, जीव शांत होतो.

चाळ_नं_४: तिथे भाड्याने कोण देतंय! केशवजी नाईक चाळीत विचारा. १८९३ पासून गणपती, १९०१ साली टिळक आले होते. अजून मूर्ती लहान आणि पालखीतून विसर्जन. माझं बालपण त्या पालखीमागे गेलं.

कसबा_पेठ: पहिला सार्वजनिक गणपती पुण्यात, १८९२, भाऊ रंगारींचा.

चाळ_नं_४: मी मुंबईतला पहिला म्हणतोय.

ठाकूरद्वार: गणपती राहू द्या, जागेचं बोला. जुन्या चाळींतल्या बहुतेक खोल्या पागडीच्या, म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या. भाडेकरूला मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आधी ते पत्र मागा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. म्हाडा पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढते, त्यात नाव नाही ना ते बघा. आणि संडास कुठे आहे ते रात्री जाऊन बघा. आमची आई चौकातल्या शेवाळावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. परत चालली नाही.

ट्रान्झिट_१४: करार-बिरार सगळा कागद. आमची चाळ बिल्डरने रिकामी केली, चौदा वर्षं ट्रान्झिट कॅम्पात, तात्पुरत्या घरात काढली. बाबा तिथेच गेले. गिरगावात परत यायचं होतं त्यांना.

मुगभाटकर: म्हणून म्हणतो, तयार टॉवर घ्या.

पागोळी: संडास आतच हवा, ठाकूरद्वार म्हणतात ते खरं. मेट्रोचं गिरगाव स्टेशनही ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, दवाखान्याला जायला सोयीचं.

डोंबिवली_लोकल: सगळ्यांचे आभार. आत संडास असलेल्या दोन जागा दाखवल्या, आई काही बोलली नाही. मग फणसवाडीत गेलो. दुसरा मजला, संडास गॅलरीच्या टोकाला. आई कठड्याला धरून उभी होती, तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून एक आजी ओरडल्या, "तू मास्तरांची धाकटी ना गं?" दोघी तासभर तिथूनच बोलत होत्या. तीच खोली घेतली, २२ हजार. यादी तपासली, मालकाचं पत्र घेतलं, करार नोंदवला. रात्रीसाठी कमोडची खुर्ची आणली आहे. पाणी पहाटे पाचला येतं, आईने पिंप घासून ठेवलंय.