रस्त्यावरून काढलेला घराचा फोटो कॅलेंडरवर छापता येतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत सकाळी सातच्या उन्हात एका जुन्या घराचे फोटो काढले. पिवळी भिंत, पांढरी किनार, खिडकीत शिंपल्याच्या काचा. मी रस्त्यावरच उभा होतो, पायरीवरही चढलो नाही. तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी तक्रार केली. रोज कोणी ना कोणी दारात पोझ देत उभं असतं, त्यांना दार उघडायचीही चोरी झालीय. त्यांचं दुःख मला पटलं. माफी मागून निघालो, पण फोटो कॅमेऱ्यात आहेत.

आता एक ग्राहक तोच फोटो कॅलेंडरसाठी मागतोय. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढणं वा छापणं हे उल्लंघन ठरत नाही, एवढं वाचलंय. पण तो प्रश्न वास्तुरचनेच्या हक्काचा झाला. घरमालकाच्या खासगीपणाचं काय? २०१७ मध्ये मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीला ट्रेडमार्क मिळाला, तसं काही साध्या घराला लागू होतं का?

मालकीणबाईंची लेखी परवानगी घ्यायला परत जायची माझी तयारी आहे. असं संमतीपत्र कुणी केलंय का? त्यात काय काय लिहावं? वकील मंडळींनी कृपया सांगावं. छपाई पुढच्या आठवड्यात आहे.