फॉस्फेटिंगच्या टाक्या उन्हावर तापवायच्यात, कुणी केलंय का?

भट्टीवाला_गोशि: नमस्कार मंडळी, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला माझं छोटं पावडर कोटिंगचं (धातूवर पावडरचा रंग ओव्हनमध्ये भाजून बसवायचं) युनिट हाय. रंगाआधी माल डीग्रीझिंगच्या टाकीत (तेल-ग्रीस काढायला) आणि फॉस्फेटिंगच्या टाकीत (रंग धरायला थर द्यायला) बुडवतो. डीग्रीझिंगची टाकी 2000 लिटरची, 58-60 डिग्री लागतंय, तिच्यात इलेक्ट्रिक हीटर टाकलेत आणि लाईट बिल बघून घाम फुटतोय. परवा एकजण आला, म्हणाला सोलर डिश (ऊन एका जागी गोळा करणारी आरशांची तबकडी) बसवा, स्टीम निघंल, टाक्या पण तापतील आणि ओव्हन पण चालंल. ओव्हन 180-200 ला चालतो आमचा. लै गोड बोलला पण मला काय पटंना. शिर्डीत तसल्या डिशवर एवढा स्वैपाक होतोय म्हणजे खोटं नसणार, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? खरं काय ते सांगा राव.

रंकाळा_कट्टा: पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटावर (इशारा पातळी) गेली की डिशमध्ये मासं पाळ 😂

जुना_फिटर: दादा, हसण्यावारी नेऊ नका, त्यात मुद्दा हाय. डिशला थेट किरणं लागत्यात, ढगातनं पसरून आलेला उजेड तिला एका जागी गोळा करता येत नाही. शिर्डीच्या प्रसादालयात 16 चौरस मीटरच्या 73 डिश हायत, लातूरच्या डेअरीत दूध पाश्चराईज करायला 160 चौरस मीटरची एकच मोठी बसवली होती, पण तिकडं आपल्यासारखा पाऊस नाही आणि शिर्डीला स्वैपाकाला वाफ लागत होती. तुम्हाला 60 डिग्रीचं पाणी पायजे, वाफ कशाला? त्याला साध्या व्हॅक्यूम ट्यूबा (सोलर वॉटर हीटरच्या काचेच्या नळ्या) बास, त्या ढगाळ हवेत पण थोडंफार तापवत्यात.

हिशोब बघा. 2000 लिटर 28 वरनं 58 ला न्यायला साधारण 70 युनिट वीज. एक चौरस मीटर ट्यूबा चांगल्या दिवशी अडीच युनिट देतील म्हणजे 28 चौरस मीटर लागतील, पत्र्यावर बसंल. ओव्हनचं मात्र विसरा, तो हवेवर चालतो आणि 200 डिग्री ट्यूबांच्या आवाक्यातलं नाही.

आता मेन गोष्ट. टाकीला झाकण हाय का? 60 डिग्रीचं उघडं पाणी एका चौरस मीटरमधनं दर तासाला साधारण दोन युनिट हवेत घालवतं, बहुतेक वाफेनंच. तुमच्या टाकीचं तोंड दोन चौरस मीटर धरलं तर दहा तासात 40 युनिट गेले, म्हणजे टाकी तापवायला लागतात त्याच्या निम्म्याहून जास्त युनिट छपराला! आधी ते बंद करा, मग सोलरला हात घाला, नाहीतर पैसं घालून छप्परच तापवाल.

भट्टीवाला_गोशि: झाकण नाही ओ काका, जॉब (रंगवायचा माल) वरनं होईस्टनं (उचलायच्या साखळीनं) आत सोडतो, झाकण मध्ये येतंय.

जुना_फिटर: मग पोकळ प्लास्टिकचे गोळे तरंगत सोडा, जॉब गेला की बाजूला होत्यात, वर आला की परत पसरत्यात. आणि टाकीला बाहेरनं रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) गुंडाळा.

केमिकलबाबा: एक माझ्या अंगावर आलेलं सांगतो. फॉस्फेटिंग टाकीत कॉइल (गरम पाणी फिरवायची वेटोळी नळी) घालू नका, गरम कॉइलवर गाळ बसतो आणि महिन्याभरात ती गरमच करत नाही, मला दर रविवारी खरवडायला माणूस लावावा लागला आणि ज्यानं बसवलं त्यानं फोन उचलायचं बंद केलं. डीग्रीझिंग आणि गरम पाण्याच्या रिन्सला (धुवायच्या टाकीला) घाला. टाकीतलं केमिकल ट्यूबांत फिरवायचं नाही, वरच्या बंद लूपमध्ये (ट्यूबा ते कॉइल फिरणाऱ्या नळीत) साधं मऊ पाणी आणि टाकीत एसएस 316 ची (सहसा न गंजणाऱ्या स्टीलची) कॉइल. बोअरचं पाणी लूपात घातलं की क्षार बसून ट्यूबा चोक होत्यात.

सोलर_संशयी: अरे पण त्याच पत्र्यावर वीज करणारी सोलर पॅनेल लावून हीटरच चालवा ना, सुट्टीला ट्यूबांतलं पाणी उकळत बसतंय, पॅनेलची वीज ग्रीडला तरी जाते.

जुना_फिटर: जागा असली तर चांगलं हाय की. पण 70 युनिटला 17-18 किलोवॅट पॅनेल, म्हणजे 85 चौरस मीटरच्या आसपास. दादा, तुमचा पत्रा केवढा?

भट्टीवाला_गोशि: निम्मा पत्रा शेजारच्या कंपनीच्या भिंतीच्या सावलीत 😅 मोजून सांगतो. गोळे मात्र उद्याच बघतो, शाहूपुरीत मिळत्यात का ओ?