पोपटपंची नाही हो, कान्झीचं प्रकरण वेगळं आहे

वर कोणीतरी लिहिलंय की खाऊ दाखवून घोकून घेतलं की माकडही बोलतं, पण कान्झी नावाच्या बोनोबोच्या बाबतीत मजा अशी की त्याला शिकवायला कोणी बसलंच नव्हतं. (आणि बोनोबो माकड नाही, एप आहे, म्हणजे चिंपांझी-गोरिलाच्या गटातला, असो.) अमेरिकेत अटलांटाजवळच्या लॅबमध्ये शिकवणी चालू होती त्याच्या मानलेल्या आईची, मताताची, चिन्हांच्या कीबोर्डवर (एक चिन्ह म्हणजे एक शब्द), आणि तिच्या डोक्यात फारसं काही शिरत नव्हतं. हे पोरगं बाजूला नुसतं उड्या मारत असायचं. मग मताताला काही काळ दुसरीकडे नेलं तर हा अडीच वर्षांचा पठ्ठ्या आपला आपण बटणं दाबून सफरचंद मागायला लागला!

पुढे तिथल्या संशोधक सू सॅव्हेज-रंबॉ यांनी बोललेलं समजतं का हे बघायला 660 वाक्यांची टेस्ट घेतली, "पाइनची पानं फ्रिजमध्ये ठेव" असली मुद्दाम विचित्र वाक्यं, जी घोकून ठेवणं शक्यच नाही. कान्झी 72 टक्के बरोबर, सोबतची माणसाची दोन वर्षांची मुलगी 66. आता हे समजण्याबद्दल झालं हां, स्वतः तो बहुतेक एकदोन चिन्हांपुढे जायचा नाही, तेही जास्त करून काहीतरी मागायलाच, त्यामुळे "व्याकरण आलं" म्हणणं मला तरी जरा जास्तच वाटतं.

गेला बिचारा मार्च 2025 मध्ये, 44 वर्षांचा होऊन.